राजाच्या शिकाऱ्यांची वंशावळ

१७६४ सालच्या जून महिन्यात लंडनजवळच्या विंडसरच्या राजउद्यानात एक अनोखी शिकार मांडली होती. मद्रासहून परतलेला गव्हर्नर जॉर्ज पिगट याने हिंदुस्थानातून नेलेला एक चित्ता राजा तिसऱ्या जॉर्जला नजर केला होता. त्याची करामत पाहायची म्हणून जाळी लावून मैदान आखले आणि त्यात भल्यामोठ्या शिंगांचे एक हरीण सोडले. त्या हरणाने शिंगे रोखून चित्त्याला पुन्हा पुन्हा मागे रेटले. शेवटी चित्ता जाळी ओलांडून बाहेर पडला आणि बाहेरच्या कळपातले दुसरेच हरीण त्याने मारले.

या प्रसंगावर जॉर्ज स्टब्ज या चित्रकाराने मोठे तैलचित्र केले. ते आज मँचेस्टरच्या कलादालनात आहे. चित्रात चित्त्याच्या डोळ्यांवरची लाल टोपी कपाळावर सरकवलेली आहे. पांढऱ्या अंगरख्यातला, पागोटे घातलेला एक माणूस त्याला मागून आवरून धरतो आहे, दुसरा हात लांब करून हरीण दाखवतो आहे. दोघेही हिंदुस्थानी. कुठल्याशा माळरानावर शिकलेले कसब घेऊन ही माणसे समुद्रापार इंग्रज राजाच्या बागेत उभी होती. चित्राच्या नावात त्यांची ओळख ‘दोन हिंदी’ एवढीच आहे. ती कोणाची मुले होती आणि त्यांच्या घरात हे काम किती पिढ्या चालत आले होते, याचा चित्राला पत्ता नाही.

त्याच इंग्लंडमध्ये राजाचे ससाणे सांभाळणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. नॉर्मन राजांच्या काळापासून तिथे काही जमिनी अशा होत्या, की त्यांच्या बदल्यात धारकाने राजाला ससाणा द्यायचा किंवा राजाचे पक्षी सांभाळायचे. जमीन आली की तिच्यामागे कागद आला, आणि कागदावर नाव आले. दुसऱ्या चार्ल्स राजाचा मुलगा चार्ल्स बोक्लर्क १६८४ मध्ये सेंट ऑल्बन्सचा पहिला ड्यूक झाला. इंग्लंडच्या मुख्य श्येनपालाचे पद त्याच्या घराण्यात वंशपरंपरेने आले आणि तो किताब ते घराणे अजून लावते. ही झाली बड्यांची कथा. पण पक्ष्याला मांस भरवणाऱ्या, त्याच्या पायात चामड्याची वादी अडकवणाऱ्या साध्या नोकराचेही नाव राजवाड्याच्या हिशेबात मिळू शकते. गावोगावच्या चर्चने बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवावी असा हुकूम तिथे १५३८ मध्ये निघाला. १८४१ पासून जनगणनेत घरातल्या माणसांची नावे आली. त्यामुळे राजाच्या श्येनपालाचा आजचा वंशज अभिलेखागारात बसून आपल्या घराण्याची साखळी जुळवू शकतो.

आपल्याकडे हीच साखळी जुळवायला निघालेला माणूस कुठे पोहोचतो, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. त्यासाठी कळंबपासून सुरुवात करू.

कळंबचा प्रश्न

कळंब हे मांजरेच्या काठचे, धाराशिव जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. काळी राने, मधूनमधून मुरमाड माळ, दक्षिणेला येरमाळ्याची येडाई देवी आणि त्यापलीकडे येडशीच्या रामलिंगाचा घाट. या तालुक्यात आणि शेजारच्या वाशी, धाराशिव तालुक्यांत गावकुसाबाहेर, माळाच्या कडेला पारध्यांच्या वस्त्या आहेत. काळे, पवार, शिंदे, चव्हाण, भोसले अशी त्यांची आडनावे. गावाला त्यांची आठवण होते ती बहुधा चोरी झाली की किंवा पोलिसांची गाडी आली की.

या वस्तीत घराण्याचा इतिहास शोधणे ही हौस नाही, गरज आहे. पोराला वसतिगृह हवे, शिष्यवृत्ती हवी, नोकरीत राखीव जागा हवी, तर अनुसूचित जमातीचा दाखला लागतो. दाखल्याची पडताळणी करायची म्हटली की वंशावळ लिहून द्यावी लागते. बाप, आजा, पणजा, त्यांचे भाऊ, प्रत्येकाचे नाव आणि नाते हवे. ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा वास्तव्याचा आणि जमातीचा पुरावा मागतात. ज्याच्या आजाने शाळेची पायरी पाहिली नाही, ज्याच्या पणजाच्या नावावर गुंठाभर रान नव्हते आणि ज्याचे घर म्हणजे आज या शिवारात तर उद्या त्या शिवारात पडणारे पाल, त्याने हा कागद आणायचा कुठून?

प्रश्नाचे मूळ आठ-नऊशे वर्षे खोल आहे. एके काळी याच माणसांच्या कसबावर राजांची शिकार चालत होती. राजांनी त्यांचे कसब नोंदवले, माणसे नोंदवली नाहीत. आणि माणसे नोंदवायची वेळ आली, तेव्हा ती गुन्हेगार म्हणून नोंदवली गेली.

कल्याणीपासून साताऱ्यापर्यंत

बाराव्या शतकात हा सारा मुलूख कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात होता. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव-लातूरच्या सीमेपलीकडे कर्नाटकात. तिथला राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर ‘मानसोल्लास’ हा प्रचंड संस्कृत ग्रंथ आहे. शके १०५१ च्या, म्हणजे इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. राज्य कसे करावे इथपासून मांडे कसे करावेत इथपर्यंत सारे त्यात आहे. त्यातल्या राजाच्या विनोदांमध्ये, म्हणजे करमणुकींमध्ये, कुत्र्यांचा सारमेयविनोद, मासेमारीचा मत्स्यविनोद, हरणांच्या शिकारीचा मृगयाविनोद आणि ससाण्यांच्या शिकारीचा श्येनविनोद अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. पक्ष्यांच्या जाती, त्यांना माणसाळवण्याची रीत, त्यांचा आहार हे सगळे राजाच्या नावाने लिहिले गेले.

हे ज्ञान राजवाड्यात जन्मलेले नाही. शिकरा कोणत्या झाडावर उतरतो, बहिरी ससाणा हिवाळ्यात कधी येतो, लगड कुठल्या कड्यावर घरटे करतो, हे रानात राहणाऱ्यालाच ठाऊक असते. रान ओळखणाऱ्याने पक्षी धरला, हातावर बसवला, उपाशी ठेवून आणि भरवून आपलासा केला. पंडिताने ते श्लोकात बसवले. श्लोक राहिले. ‘मानसोल्लास’ बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेत छापूनही निघाला. त्या पंडिताला सांगणारा कोण होता, हे मात्र ग्रंथात नाही.

पुढे सुलतान आले, मोगल आले आणि शिकारखाने वाढत गेले. अकबराने आपल्या हयातीत नऊ हजार चित्ते जमवले असे जहांगीर लिहितो. अबुल फजलने ‘आईने अकबरी’त चित्त्यांची प्रतवारी लावून प्रत्येकाला रोजचे मांस किती याचा तक्ता दिला आहे. ‘समंद माणिक’ नावाचा अकबराचा लाडका चित्ता पालखीसारख्या चौडोलातून निघे, गणवेशातले नोकर बाजूने धावत आणि पुढे नगारा वाजे. चित्त्याचे नाव चारशे वर्षे टिकले. चौडोलाबरोबर धावणाऱ्यांपैकी कोणाचे टिकले?

मराठ्यांच्या राज्यात अठरा कारखान्यांच्या यादीत शिकारखाना आहेच. पण शिकारीचा खरा शौकीन राजा म्हणजे थोरले शाहू महाराज. १६८९ मध्ये रायगड पडला तेव्हा ते सात वर्षांचे होते. तिथून १७०७ पर्यंत त्यांचे सारे बालपण आणि तारुण्य औरंगजेबाच्या छावणीत गेले. ती छावणी काही वर्षे मंगळवेढ्याजवळ भीमेकाठी ब्रह्मपुरीला होती. मोगली छावणीतली शिकारीची गोडी त्यांच्या अंगात मुरली. साताऱ्याला गादीवर आल्यावर कारभार पेशव्यांवर सोपवून महाराज शिकार, ससाण्यांचे खेळ आणि मासेमारी यांत रमत, असे इतिहासकार ग्रँट डफने नोंदवले आहे. वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या खंड्या कुत्र्याची त्यांनी कदर केली. संगम माहुलीला खंड्याची समाधी आजही दाखवतात. महाराजांच्या मनाचा मोठेपणा त्यातून दिसतो. पण त्यांचे ससाणे उडवणाऱ्या माणसांची आठवण सांगणारा एक दगडही तिथे नाही.

पुण्यात सवाई माधवरावांनी पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना उभारला. गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने १७९० मध्ये तिथला गेंडा पाहून काढलेले चित्र आज परदेशातल्या संग्रहात आहे. इंग्रज वकिलातीतल्या पाहुण्यांनी तिथल्या माणसाळलेल्या हरणांचे कौतुक लिहून ठेवले. अशा टिपणांत सांभाळणाऱ्याचे एखाददुसरे नाव डोकावते. त्याचे घराणे डोकावत नाही.

चित्ता कसा धरत

राजाच्या चित्तेखान्यातला चित्ता पाळीव आईच्या पोटी जन्मलेला नसे. चित्ता बंदिवासात वितच नसे म्हटले तरी चालेल. अकबराकडे एवढे चित्ते असून माद्या व्यालेल्या नव्हत्या. जहांगीरच्या काळात एकदा पिल्ले झाली, तर बादशहाने ती नवलाची गोष्ट म्हणून आत्मचरित्रात लिहिली. शिवाय लहान पिल्लू धरून उपयोग नसे, कारण शिकार करायला त्याला आईच शिकवते. म्हणून आईकडून शिकून तयार झालेला, अंगाने भरलेला चित्ताच रानातून धरावा लागे. हे काम पारध्याचे.

रॉबर्ट स्टर्नडेल याच्या १८८४ साली निघालेल्या सस्तन प्राण्यांवरच्या ग्रंथात दख्खनमध्ये चित्ते धरताना पाहिलेल्या एका साक्षीदाराची हकिकत आहे. ती वाचताना कळंबच्या माळावर आजही फासे ओळखणाऱ्या म्हाताऱ्यांची आठवण होते.

चित्त्यांचे एक ठरावीक झाड असते. माळावरच्या त्या झाडाशी ते पुन्हा पुन्हा येतात, बुंध्यावर नखे घासतात, खोडाभोवती खेळतात. पारधी आधी ते झाड शोधून काढत. सालीवरचे ओरखडे किती ताजे, मातीतला पंजा कुठल्या दिशेचा, हे वाचणे ही पहिली विद्या. मग फासे निघत. हे फासे काळविटाच्या वाळवलेल्या स्नायूंच्या तातीचे. ज्या तातीने काळवीट धरायचे, तिनेच काळविटाचा वैरी धरायचा. झाडाभोवती पंचवीस-तीस फुटांपर्यंत, नाना दिशांनी आणि नाना कोनांतून ते खुंटीने जमिनीत ठोकत. दोन्ही बाजूंना झुडपांचे आडोसे करून माणसे त्यांत दबा धरून बसत.

संध्याकाळच्या सुमाराला चित्ते झाडाकडे धावत येत आणि त्यांचे पाय फाशांत अडकत. पुढचे सारे काही क्षणांचे काम. आडोशातली माणसे घोंगड्या घेऊन झेपावत, जनावर दाबून धरत, डोळ्यांवर टोपी चढवत, पाय बांधत. दात आणि पंजे उघडे असलेल्या जनावराशी हाताने भिडायचे, आणि तरीही त्याला इजा होऊ द्यायची नाही. पाय मोडलेल्या चित्त्याला राजा विकत घेत नसे.

त्यानंतरचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. धरून आणलेला चित्ता वस्तीत खाटेला बांधत. डोळ्यांवर टोपी तशीच. आणि बायकांना व पोरांना त्याच्याजवळ दिवसभर बसवून बोलत राहायला सांगत. काहीही बोला, पण बोलत राहा. माणसाच्या आवाजाची त्याला सवय झाली पाहिजे. लेकराला दूध पाजत, भांडत, हसत, दिवसभराच्या गप्पा मारत त्या बायका एका रानटी जनावराला माणसात आणत होत्या. बादशहाच्या आणि राजेरजवाड्यांच्या शिकारीचा पाया असा पालापुढच्या बायकांच्या बोलण्यावर उभा होता. सुमारे सहा महिन्यांत जनावर तयार होई.

मग शिकारीचा दिवस. टोपी घातलेला चित्ता बैलगाडीवर बसवून काळविटांच्या कळपाकडे न्यायचा. शेतकऱ्याची गाडी समजून काळवीट फारसे बुजत नाहीत. टप्प्यात आले की टोपी काढायची. चित्ता नजरेने कळप टिपतो, दबकत उतरतो आणि सुटतो. काहीशे हातांच्या धावेत काय ते ठरते. साधले तर तो काळविटाचा गळा धरून थांबतो. तेव्हा चित्तेवानाने धावत जाऊन काळविटाचे रक्त लाकडी पळीत धरायचे, ते चित्त्यापुढे करायचे आणि तो चाटत असताना अलगद टोपी चढवायची. जराशी घाई झाली तर पुढच्या वेळी जनावर हातचे जाईल. चित्तेवानाचे सगळे कसब त्या पळीत होते.

रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या जातीजमातींवर ग्रंथ लिहिला. त्यात पारध्यांच्या पोटशाखा कसबावरून सांगितल्या आहेत. फाशांनी शिकार करणारे फासेपारधी, जात्याला टाकी लावत फिरणारे टाकणकार, मगरीचे तेल विकणारे तेलवाले, आणि माणसाळलेला चित्ता बाळगणारे चित्तावाले. प्रत्येक पारधी कुटुंबाचा पूर्वज राजाच्या पदरी होता असे कोणी म्हणणार नाही. पण या लोकांचे फासे नसते तर राजांचे चित्तेखाने रिकामे राहिले असते, एवढे निश्चित.

कोल्हापूरचे चित्तेवान

महाराष्ट्रात ही परंपरा सर्वांत शेवटपर्यंत टिकली ती कोल्हापुरात. राजर्षी शाहू महाराज राजकोटच्या राजकुमार महाविद्यालयात शिकत असताना भावनगरचे भावसिंहजी त्यांचे सहाध्यायी होते. भावनगरला चित्त्यांची आणि ससाण्यांची शिकार जुनी. त्या मैत्रीतून शाहू महाराजांना चित्त्यांच्या शिकारीचा नाद लागला. १८९४ मध्ये त्यांनी राज्यकारभार हाती घेतला आणि कोल्हापुरात चित्तेखाना भरभराटीला आला. चित्ते सांभाळणाऱ्यांना तिथे चित्तेवान म्हणत. जनावराच्या शेजारी झोपायचे, त्याला खाजवायचे, साखळीला धरून गावातून फिरवायचे, असा त्यांचा दिनक्रम.

तोवर हिंदुस्थानातला चित्ता संपत आला होता. माळ नांगराखाली गेले, काळविटे घटली आणि शेकडो वर्षे रानातून चित्ते उचलले जात होते. मग संस्थानिकांनी आफ्रिकेतून चित्ते मागवायला सुरुवात केली. १९१८ ते १९४५ या काळात सुमारे दोनशे चित्ते आफ्रिकेतून आले. कोल्हापूर आणि भावनगर ही त्यांतली ठळक नावे. आफ्रिकेच्या गवतातून आलेले जनावर कोल्हापूरच्या चित्तेवानाने त्याच जुन्या रीतीने माणसाळवले. शाहू महाराजांनंतर राजाराम महाराजांच्या काळातही ही शिकार चालू होती. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातल्या संग्रहालयात त्या दिवसांच्या खुणा पाहायला मिळतात.

शाहू महाराजांचे या कथेतले स्थान चित्त्यांपुरते नाही. शिकारीच्या निमित्ताने रान तुडवणाऱ्या या राजाने रानातल्या माणसांना जवळून पाहिले होते. फासेपारधी चोऱ्या करतात म्हणून लोक त्यांना कोंडा म्हणत होते, तेव्हा महाराजांनी त्यांना बोलावून काम दिले, पहाऱ्यावर नेमले, कोल्हापूरजवळच्या सोनतळीला आसरा दिला. ज्यांच्यावर चोरीचा संशय, त्यांच्याच हाती राखण दिली. १९१८ मध्ये त्यांनी आपल्या संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड यांच्यावर लादलेली हजेरी बंद केली. ही हजेरी काय चीज होती, ते पुढे पाहू.

नोंद झाली ती पोलिसांच्या दप्तरात

निजामाने कर्जापोटी १८५३ मध्ये वऱ्हाडाबरोबर नळदुर्ग जिल्हाही इंग्रजांच्या ताब्यात दिला. नळदुर्ग जिल्हा म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्याचा पूर्वज. तो १८६० मध्ये निजामाला परत मिळाला. मधल्या काळात काही वर्षे तिथला कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे होता. टेलर माणूस कळवळ्याचा होता, लोकांच्या भाषा बोलणारा होता. पण त्याचे नाव जगभर झाले ते १८३९ साली आलेल्या, एका ठगाच्या कबुलीजबाबावरच्या कादंबरीने. गुन्हा हा काही लोकांचा कुळधर्म असतो, तो बापाकडून मुलाकडे जातो, ही कल्पना ठगांच्या कथांनी इंग्रज मनात घट्ट बसवली.

त्या कल्पनेचा कायदा झाला १८७१ मध्ये. गुन्हेगार जमाती कायदा. आधी तो उत्तरेकडे लागू झाला. १९११ च्या सुधारणेने तो मुंबई इलाख्यासह सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लावता येऊ लागला. एखादी जमात अधिसूचित झाली की तिच्यात जन्मलेल्या प्रत्येकाने नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी लावायची, परवान्याशिवाय गाव सोडायचे नाही. ज्याचे पोटच फिरण्यावर चालते त्याला एका जागी खिळायचे, असा हा कायदा होता.

मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातल्या मायकेल केनेडीने १९०८ मध्ये गुन्हेगार मानलेल्या जमातींवर पोलिसांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले. त्यात फासेपारध्यांवर प्रकरण आहे. त्यांचा पेहराव, बोली, देव, फिरण्याचे मार्ग, ओळखायचे कसे, झडती कुठे घ्यायची. सोमेश्वर राजाच्या ग्रंथात जी विद्या विनोद म्हणून आली होती, ती इथे पुराव्याची खूण म्हणून आली. अंधारात आवाज न करता चालणे, माग काढणे, पक्ष्यांचे आवाज हुबेहूब काढणे, एका जागी तासन् तास दबून बसणे. शिकारखान्यात या गुणांना बक्षीस मिळाले असते. पोलीस ठाण्यात त्यांचा आरोप झाला.

कळंब निजामाच्या राज्यात आणि सोलापूर इंग्रजांच्या. पण सोलापूरची सेटलमेंट या भागातल्या सगळ्या भटक्यांना माहीत होती. तारेच्या कुंपणाआड कुटुंबेच्या कुटुंबे ठेवलेली. माणसे गिरणीत कामाला जायची आणि परत आत यायची, हजेरी द्यायची. सोलापुरातला तो भाग आजही सेटलमेंट याच नावाने ओळखला जातो. अशा नोंदवह्यांत बापाचे नाव, वय, अंगावरच्या खुणा, बायकामुले सारे टिपलेले असे. इंग्लंडमधल्या श्येनपालाला चर्चच्या वहीत जे मिळाले ते पारध्याला मिळाले, पण कैदेच्या वहीत.

१९५२

स्वतंत्र भारताने ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा मोडीत काढला. तो दिवस भटके-विमुक्त आजही विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्याच १९५२ मध्ये भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पारध्याच्या पायातली बेडी निघाली, त्याच वर्षी त्याच्या पूर्वजांच्या कसबाचे जनावर भूमीवरून गेले.

बेडी कागदावर निघाली, पण नजर बदलली नाही. पुढे १९५९ मध्ये मुंबई राज्यात सराईत गुन्हेगारांविषयीचा कायदा आला आणि पोलिसांची पावले जुन्याच वस्त्यांकडे वळत राहिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. तो कायदा हवाच होता, काळवीट आणि माळढोक वाचायलाच हवे होते. पण तितर-लाव्यावर जगणाऱ्यांना त्या बदल्यात काय द्यायचे, याचा विचार कायद्याबरोबर झाला नाही. रान ओळखणारी ही माणसे रान राखण्याच्या कामी लावली असती, तर दोघांचेही भले झाले असते. शाहू महाराजांनी ती वाट पन्नास वर्षे आधी दाखवली होती.

राजांच्या शिकारीची एक खूण सरकारी कागदात मात्र राहिली आहे. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत पारधी या नोंदीखाली फासेपारधी, लंगोटी पारधी, टाकणकार यांच्याबरोबर बहेलिया, शिकारी आणि चित्ता पारधी ही नावे आहेत. चित्ता गेला, चित्तेखाने गेले, संस्थाने विलीन झाली, तरी राजसेवेचे ते नाव यादीत उभे आहे. दाखला मागायला आलेल्या पोराला हे सांगायला हवे, की हे नाव लाज वाटण्याजोगे नाही.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत आले. प्रत्येकाच्या गळ्यात पट्टा, प्रत्येकाची नोंद, प्रत्येकाच्या वंशाचा अभ्यास. देशाने चित्त्यासाठी एवढे केले याचा आनंद आहे. तेवढीच आस्था त्याला घडवणाऱ्या माणसांच्या वंशासाठी दाखवायला काहीच अडचण नाही.

आणि शोधायची तर जागा आहेत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल आहेत, कोल्हापूरच्या अभिलेखागारात संस्थानचे दप्तर आहे, हैदराबादच्या अभिलेखागारात निजामशासनाचे कागद आहेत. शिकारखान्याचे पगार, इनामे, चित्त्यांच्या मांसाचे हिशेब जिथे असतील तिथे माणसांची नावे निघण्याची आशा आहे. पण मोडी वाचणारा मुलगा राजकारणाचे आणि लढायांचे कागद आधी काढतो. त्याने एकदा शिकारखान्याचा रुमाल सोडून पाहावा.

दुसरी जागा कळंबच्याच दारात आहे. पारध्यांमध्ये लग्न जुळवताना कूळ आणि देवक पाहावे लागते. त्यामुळे कोणाचा आजा कुठल्या कुळाचा, कोणाची सोयरीक कुठल्या माळावरच्या वस्तीत झाली, हे वस्तीतल्या म्हाताऱ्यांना तोंडपाठ असते. ही तोंडी वंशावळ लिहून घेणे हे कळंबच्या महाविद्यालयातल्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना एका वर्षात जमण्यासारखे काम आहे. म्हाताऱ्याच्या तोंडचे नाव, सेटलमेंटच्या किंवा ठाण्याच्या जुन्या वहीतले नाव आणि दप्तरातले नाव यांची सांगड घातली तर अनेक कुटुंबांची साखळी तीन-चार पिढ्या मागे नक्की नेता येईल. पडताळणी समितीनेही अशा नोंदींना शाळेच्या दाखल्याइतकेच वजन द्यावे. ज्यांना आपण शाळेत घेतले नाही, त्यांच्याकडे शाळेचा कागद मागण्यात न्याय नाही.

ज्या वह्या त्यांना गुन्हेगार ठरवण्यासाठी लिहिल्या गेल्या, त्याच त्यांच्या हक्काचा पुरावा म्हणून वापराव्यात. कसबाचा इतिहास राजांनी आपल्या नावावर लिहून घेतला. आता तो ज्यांचा आहे त्यांच्या नावावर चढवणे, हे इतिहास लिहिणाऱ्यांचे राहिलेले देणे आहे.